कीबोर्डाखालची अक्षता

विजयादशमीला आमच्या घरी सरस्वतीपूजन असते. मोशीच्या या सदनिकेत राहावयास आल्यावर पाट मांडण्याची दिशा तेवढी बदलली. विधी वडिलांनी घालून दिला तोच आहे. पाटावर संस्कृताचे कोश, वडिलांच्या हस्ताक्षरातील स्तोत्रांची वही, एक पाटी, आणि या वर्षी प्रथमच सुभद्राबाईंचा लॅपटॉप.

सुभद्राबाई म्हणजे माझी पत्नी. त्यांचे माहेर निघोज्याचे, जुन्या शेतकरी घराण्यातले. आई दळताना म्हणत असे त्या ओव्या, आणि अलीकडे स्वतःला सुचलेल्याही, त्या वर्षभर या लॅपटॉपवर उतरवीत होत्या. तीनशेच्या आसपास झाल्या होत्या.

“अहो, पूजेला मिटून ठेवा ना तो,” त्या म्हणाल्या होत्या.

“सरस्वती अक्षरांत वसते,” मी म्हणालो. “अक्षरे झाकून पूजा कोणाची करावयाची?”

आणि उघड्या कीबोर्डावर मी मंत्रपूर्वक हळद, कुंकू, झेंडूचे फूल आणि मूठभर अक्षता वाहिल्या. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर सुभद्राबाईंनी मऊ फडक्याने सर्व पुसून घेतले.

त्याच दिवशी बिघाड सुरू झाला. त्यांनी एक ओळ टंकावी, तो मध्येच सगळी ओवी नाहीशी व्हावी. पान खाली सरकवू गेल्यास अक्षरे मुंगीएवढी व्हावीत, नाही तर एकच अक्षर सबंध पडदा व्यापून बसावे. मग घटकाभर सारे सुरळीत चाले, आणि पुन्हा तेच. त्यांनी माझ्याकडे पाहिले. या यंत्रातले मला काही कळत नाही, हे सांगण्याचीही वेळ माझ्यावर आली नाही. कारण त्यांचा हात तोवर फोनकडे गेला होता.

“दौलतभाऊ, जरा येता का?”

दौलतराव आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत राहतात. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारे घडवण्यात, त्यांची तीस वर्षे गेली. मूळचे खेड तालुक्यातलेच, निघोज्याहून दोन कोसांवरचे. आमचा मुलगा सुजित नवा लॅपटॉप घेऊन बदलीच्या गावी गेला तेव्हा हा जुना अडगळीत पडला होता. दौलतरावांनी त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घातली आणि तो चालता केला. त्या उपकाराचा उल्लेख आमच्या घरी फार वेळा होत असे.

शनिवारी पाच वाजता ते आले. चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यावर एक काळी चौकट उघडून तीत भराभर काही टंकू लागले.

“ताई, मागल्या आठवड्यात म्या अपडेट टाकला व्हता. त्यानंच कायतरी घोळ घातलाय. यंत्राचं दुखनं न्हाई ह्ये.”

“व्हय, पर भाऊ, माज्या ओव्या जायाच्या न्हाईत ना?”

“जात्यात कुटं? जात्यावरच्याच हायेत त्या.”

सुभद्राबाई हसल्या. पदर तोंडाशी नेऊन, खांदे हलेपर्यंत हसल्या. मी आतल्या खोलीत वाचीत बसलो होतो. त्या हसण्यानंतर तेच पान तीन वेळा वाचले.

खरे सांगावयाचे तर मला हसण्याहून अधिक झोंबले ते ‘व्हय’. विवाहानंतर वर्षभरातच ते आमच्या घरातून गेले होते. मी रागावलो कधी नाही. त्या ‘तितं’ म्हणाल्या की मी शांतपणे ‘तिथे’ म्हणत असे, एवढेच. राजगुरुनगरच्या शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवणाऱ्याच्या घरी वाणी शुद्ध असावी, ही माझी श्रद्धा होती. त्यांनी ती पाळली. बेचाळीस वर्षे माझ्याशी त्या शुद्ध आणि थोडे बोलत आल्या. आणि येथे, चहाच्या दोन कपांमध्ये, त्या निघोज्याच्या बांधावर बसल्यासारख्या बोलत होत्या. पाऊणशे वाक्ये झाली असतील. मी मोजली नाहीत, परंतु मोजता आली असती.

दौलतराव त्यांना ताई म्हणत. त्या त्यांना भाऊ म्हणत. एवढ्याने शहाण्या माणसाचे समाधान व्हावयास हवे होते.

रविवारी त्यांनी अपडेट काढून जुनी आवृत्ती सुरू केली. दोष तसाच. सोमवारी त्यांनी अशी आज्ञा दिली की ज्या ज्या बटणावर दाब पडेल त्याचे नाव पडद्यावर ओळीने उमटावे. सुभद्राबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, तरी एक नाव उमटले: डावे कंट्रोल.

“बघा, कुनी दाबलं न्हाई तरी दाबलं म्हनतंय. कंट्रोल दाबलेलं असलं की अक्षर उमटायचं सोडून हुकूमच सुटतोय,” दौलतराव म्हणाले. त्यांनी ते बटण दोनचार वेळा दाबून पाहिले. ते मोकळे उसळत होते. धूळ उडवायच्या छोट्या रबरी पंपाने फुंकर मारली. मग पिशवीतून दुसरा कीबोर्ड काढून वायरीने जोडला. थोड्याच वेळात नव्या कीबोर्डावरही ओवी नाहीशी झाली.

“मिटलं,” ते म्हणाले. “कीबोर्ड बदलला तरी त्येच. म्हंजी दोष कीबोर्डात न्हाई. लिनक्समदीच हाय.”

मी दारात उभा होतो. यंत्र मला कळत नाही, पण तर्क कळतो. एखादी वस्तू कारण नाही हे ठरवावयाचे तर ती दूर करून पाहावी लागते. ती असतानाच दुसरी आणून शेजारी ठेवली तर काहीच सिद्ध होत नाही. जुना कीबोर्ड लॅपटॉपच्या अंगातच होता. तो आपले कंट्रोल बिनदिक्कत दाबीत राहिला असणार. हे मी वर्गात धूर आणि अग्नी घेऊन शेकडो मुलांना समजावले आहे.

“काय गुरुजी, पटतंय का?” दौलतरावांनी विचारले.

“तुमच्या विद्येत मी काय बोलावे?” मी म्हणालो.

ते गेल्यावर सुभद्राबाई स्वयंपाकघरात होत्या. मी लॅपटॉप उचलला आणि खिडकीतल्या तिरप्या उन्हात धरला. डाव्या कंट्रोलच्या कोपऱ्याखाली कुंकवाने लाल झालेले तांदळाचे टोक दिसले. फडक्याने ते आत ढकलले होते आणि फुंकरीने घट्ट बसवले होते. ती अक्षता माझ्या हातची होती.

मी लॅपटॉप होता तसा ठेवून दिला.

त्या क्षणी मला जे वाटले ते लिहिताना संकोच होतो. मला आनंद झाला. तीस वर्षांची टूलरूम एका तांदळापुढे हरत होती. उद्या दौलतराव पुन्हा येतील, पुन्हा चुकतील, आणि परवा सुभद्राबाईंच्या ‘दौलतभाऊ’ या हाकेतला विश्वास थोडा उणा होईल, असा माझा हिशेब होता. सहा रिपूंत मत्सर शेवटी येतो. वर्गात तो येईपर्यंत मुलांचे कान घंटेकडे लागलेले असत, म्हणून मी तो कधी नीट शिकवलाच नाही.

हिशेबातली खोट मंगळवारी दिसली. प्रत्येक चूक म्हणजे आणखी एक संध्याकाळ होती. दौलतराव कुठल्याशा फाइलीत एक ओळ बदलून बसले होते, आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत सुभद्राबाई त्यांना ओवी म्हणून दाखवीत होत्या. म्हणजे गाऊन.

“माज्या बापाच्या रानात, आज भोंगा शिफ्टीचा,
तितं व्हता कवाकाळी, आवाज गं मोटंचा.”

मी ही ओवी पूर्वी कागदावर वाचली होती आणि तांबड्या शाईने दोन ठिकाणी सुधारली होती. तिला चाल आहे हे मला ठाऊक नव्हते.

दौलतरावांनी कीबोर्डावरून हात काढून घेतले. मग म्हणाले, “ताई, उद्या एक बारी बघतो. न्हाई जमलं तर परवापासनं आमच्याकडं या दुपारी. माजा कॉम्प्युटर रिकामाच असतोय. विजयश्रीला बी ओव्या येत्यात, तिच्या आईच्या. दोगी बसून लिवा.” विजयश्री म्हणजे त्यांची पत्नी.

“येते की. ह्यांचं वाचन असतंय दुपारचं, माजी अडचन न्हाई कुनाला.”

दुपारी चार तास त्या त्या घरात बसतील, गातील, हसतील; आणि येथे मी स्वच्छ शांततेत वाचीत बसेन. त्या संध्याकाळी मला जेवण गेले नाही.

बुधवारी दुपारी सुभद्राबाई झोपल्या असताना मी त्यांच्या डब्यातली सुई घेतली. बटणाचा कोपरा नखाने किंचित उचलला आणि दाणा अलगद बाहेर ओढला. बटण मोडले असते तर काय उत्तर द्यावे, हे ठरवलेले नव्हते. मोडले नाही. मग मी दोन बोटांनी टंकून पाहिले. अक्षरे जागेवर राहिली. बेत असा होता की दौलतराव येतील, दारातूनच पराभव मान्य करतील, आणि त्यांच्याआधी लॅपटॉपपुढे बसून मी सहज म्हणेन, जरा मला पाहू द्या.

पाच वाजता ते आले आणि माझ्याआधीच बसले. काळी चौकट उघडली. पाच मिनिटे गेली, दहा गेली. कंट्रोल उमटले नाही.

“काल ती ओळ बदलली ना, तिनंच काम केलं!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “फक्त मशीन थंड व्हायला पायजे व्हतं. ताई, चहा टाका, साखर जास्त!”

“दौलतभाऊ, तुमी हाय म्हनून,” सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “न्हाईतर समदं वाया गेलं असतं.”

दाणा माझ्या मुठीत होता. तो दाखवावा तर बिघाड माझ्याच पूजेचा, हे उघड होणार. न दाखवावा तर हे भरलेले डोळे जन्मभर दौलतरावांचे. मी लाजेपेक्षा मत्सराने बोललो, हे मान्य करतो.

“ओळीने नव्हे,” मी म्हणालो आणि मूठ लॅपटॉपशेजारी उघडली. “याने. कंट्रोलखाली होता. दुपारी मी काढला.”

दौलतरावांनी चष्मा खाली ओढून दाणा पाहिला. मग ते मोठ्याने हसले. “आयला! गुरुजी, देवानंच दाबून धरलं व्हतं म्हना की कंट्रोल! आन् मी बसलोय फायली उसवत. त्यो आतला कीबोर्ड बंद करून बघायचं सुचलं न्हाई बगा मला.” अपयश त्यांच्या अंगाला चिकटलेच नाही. चहा पिऊन, विजयश्रीबाई वाट पाहत असतील म्हणून ते गेले.

सुभद्राबाई हसल्या नव्हत्या.

“दुपारी दिसला तुम्हांला?” त्यांनी माझ्याशी बोलावयाच्या शुद्ध भाषेत विचारले.

“सोमवारी.”

“अक्षता टाकल्या त्याचं काही नाही. दोन दिवस मी रडकुंडीला आले होते. तुम्ही पाहत होतात.”

“ते आले की तू बोलतेस,” मी म्हणालो. वयाच्या सत्तराव्या वर्षी हे वाक्य उच्चारणे सोपे नव्हते.

त्यांनी कपबश्या गोळा केल्या. “त्यांच्यापुढे बोलताना मला आधी मनात लिहून काढावं लागत नाही,” त्या म्हणाल्या. मोरीत नळ सोडला, आणि त्याच्या आवाजावर आवाज चढवून पुढे म्हणाल्या, “उद्या मी त्यांच्याकडे जाणार नाही. आता यंत्र चालतंय. पण दोघांना चहाला बोलवायचंय, विजयश्रीलाही. आणि ते तुम्ही बोलवायचं. फोनवर नाही, जाऊन.”

गुरुवारी दुपारी मी समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चढून गेलो. दार दौलतरावांनीच उघडले. मी आमंत्रण दिले, ते उभयतांचे नाव घेऊन, यथाविधी. “ओव्याही होतील,” मी म्हणालो, “मला ऐकावयाच्या आहेत.” ते इतके प्रसन्न झाले की त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

पाच वाजता दोन्ही बायका चटईवर बसून गात होत्या, दौलतराव ताल धरीत होते, आणि मी लॅपटॉपपुढे बसून ऐकू येईल तसे टंकीत होतो. सुभद्राबाई अर्ध्या ओवीत थांबल्या, पुढची ओळ आठवेना, आणि त्यांनी दौलतरावांकडे पाहिले. मला ते दिसले. मी टंकीत राहिलो.