कमरेचा हूक

धाकटी जाऊ बारा बाह्या डाव्याच कापून बसली, त्या दिवशी माझा पारा चढला. बाही एक डावी, एक उजवी कापायची असते. कापडावर ठेवायचा कागदी फर्मा उलटायला विसरलं की सगळ्या एकाच हाताच्या होतात. ही चूक नवशिक्याने करावी, धाकटीने नाही.

आमचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, सहा मशीन आणि एक लांब टेबल. गणवेश शिवतो आम्ही. शाळेचे, इस्पितळाचे, गॅरेजचे, ज्याची ऑर्डर येईल त्याचे. कापायचं काम धाकटीकडे, कारण तिच्याइतका सरळ हात मी तीस वर्षांत पाहिला नाही. हे तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. तोंडावर कौतुक केलं की माणूस बिघडतं, असं माझं मत होतं.

"ताई, पोटात खाली कळ येतेय," ती म्हणाली. एका हाताने टेबलाची कड धरली होती, दुसरा ओटीपोटावर.

"बाईच्या जातीला पोट दुखायचंच. मी महिन्याचे चार दिवस पोट दाबून मशीन मारलंय. मेले का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिने बाह्या गोळा केल्या आणि नवं कापड पसरलं.

तशी ती डॉक्टरांकडे जात नव्हती असं नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली, सोनोग्राफी करवली. अपेंडिक्स नाही, मूतखडा नाही, लघवीत जंतू नाहीत. आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग म्हणाले, टेन्शन घेऊ नका. कधी दुखतं विचारलं की ती म्हणे, "कधीही." पाळीत दुखतं का? "नाही, तेव्हा नाही." माझ्या दिराने तर निकालच लावला, की हिला काम नको झालंय.

शनिवारी संध्याकाळी तिने कात्री पुसून माझ्यासमोर ठेवली.

"ताई, सोमवारपासून दुसरी कोणीतरी बघा. डॉक्टर म्हणतात काही नाही, तुम्ही म्हणता सगळ्यांचंच दुखतं. मग माझंच डोकं फिरलं असेल. उद्या एखादीचं बोट कापलं जाईल माझ्या हातून."

तिने हे शांतपणे सांगितलं. रडली असती, भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं. मी नुसतं "बघू" म्हटलं. ती गेल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

तिची कामाची पँट खुंटीवरच होती. धुऊन इस्त्री करून घरी द्यावी म्हणून मी ती उचलली आणि सवयीने कंबर उलटी करून पाहिली. शिंप्याची खोड, दुसरं काय.

हुकाच्या बाजूला, बोटभर बाहेर, भोकंच भोकं होती. हूक उसवून बाहेर लावलेला, परत उसवून आत आणलेला, पुन्हा बाहेर. टाका उसवला तरी सुईचं भोक राहतं आणि घाईत उसवलं तर दोऱ्याचा तुकडाही राहतो. बाहेरच्या जागी पाच रंगांचे तुकडे अडकले होते. करडा, हिरवा, पांढरा, निळा, तांबडा. ज्या दिवशी जी ऑर्डर चालू असेल त्याच रिळातला दोरा ही बाई ओढून घेत होती. पोट फुगलं की हूक सैल करायची, उतरलं की घट्ट. आणि माझ्या शेजारी उभी राहून मला पत्ता लागू दिला नव्हता.

मी ऑर्डरींची वही काढली. करडा म्हणजे शाळा, हिरवा इस्पितळ, पांढरा आचाऱ्यांचे कोट. कोणता रंग कधी कापला त्या तारखा समोर मांडल्या आणि बोटांवर मोजलं. दर दोन तारखांमधे चारेक आठवडे. "कधीही" कुठलं? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तशीच तिच्या खोलीवर गेले. "पाळी कधी येते तुझी? दुखायला लागल्यापासून किती दिवसांनी?"

ती गोंधळली. "तीन-चार दिवसांनी. पण तेव्हा तर कमी झालेलं असतं, ताई. म्हणून मी नाही म्हटलं."

सोमवारी आम्ही दोघी बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पँट पिशवीत होती. बाईंनी चष्मा लावून भोकं पाहिली, तारखा पाहिल्या, धाकटीला तपासलं, बरंच काही विचारलं. मग सांगितलं, "गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसं कधीकधी बाहेर वाढतं. पाळी जवळ आली की तेही सुजतं. सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही, म्हणून ते नाही असं होत नाही. मला तोच संशय आहे."

"म्हणजे मला वेड नाही लागलं?" धाकटीने विचारलं.

"नाही. तुम्हाला खरंच दुखतंय."

तेव्हा कुठे ती रडली. माझेही डोळे भरले, लपवत नाही.

बाईंनी रोज घ्यायची हार्मोनची गोळी दिली. दुखणं चढायच्या आधीच घ्यायची वेदनाशामक वेगळी, शिवाय गरम पाण्याची पिशवी. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर दुर्बिणीने आत पाहू, म्हणाल्या. मुळापासून जाईल असं वचन देत नाही, पण ताब्यात ठेवता येतं. आणि ताप आला, उलट्या झाल्या, चक्कर आली किंवा एकाएकी भयंकर दुखलं, तर तारखा मोजत बसू नका, लगेच या.

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो. पहिल्या महिन्यात ती दोन दिवस झोपून होती. दुसऱ्यात एक. पुढे टेबलाची कड धरणं बंद झालं.

काल चौथ्या महिन्याची तारीख उलटून गेली. पिवळ्या कापडाची ऑर्डर चालू आहे. ती वाकून कापत होती आणि मी तिच्या कमरेकडे बघत होते. हूक आतल्याच जागी होता. पिवळा दोरा कुठे नव्हता.

"काय बघताय, ताई?"

"तुझ्याइतका सरळ हात मी तीस वर्षांत पाहिला नाही," मी म्हटलं.

तिने कात्री खाली ठेवली. मला वाटलं, आता चेष्टा करणार.

"ताई, तुम्ही पोट दाबून मशीन मारायचात ना? तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं, कुठे दुखतंय म्हणून?"

मी आठवून पाहिलं. आई, सासू, नवरा, कोणीच नाही.

"नाही गं," मी म्हटलं.

तिने खुर्ची ओढून माझ्याजवळ आणली आणि बसली. "मग आता सांगा."