उजवीकडे सरकलेलं घर

“हा कुठून उगवला मेला! आत्ता तर नव्हता!”

आबा पुटपुटले ते स्वतःशीच. पण ट्रकच्या केबिनमध्ये स्वतःशी बोलायला जागा असते कुठे? शेजारी बसलेल्या लेकीने सगळं ऐकलं. ती मांडीवर मालाच्या पावत्या जुळवत बसली होती. ब्रेक लागला तशा पावत्या पायाशी गेल्या आणि ती काचेशी. काचेपलीकडे, चाकापासून हातभर अंतरावर, एक सायकलवाला पाय टेकून उभा होता. तो ओरडला नाही. त्याने शिवीही दिली नाही. नुसता आबांकडे बघत राहिला, मग सायकल वळवून निघून गेला.

भरदुपार होती. सरळ रस्ता. वळण नाही की झाड नाही. माणूस लपेल अशी काही जागाच नव्हती.

आणि तेवढ्यात समोरचे सगळे काटे एकदम शून्यावर पडले, इंजिनाने एक आचका दिला आणि ते गप्प झालं.

“बघितलंस?” आबा म्हणाले. “डबी बिघडल्यापासून हे असं चाललंय. डबी बंद पडते आणि माणसं उगवतात.”

डबी म्हणजे ट्रकचा कॉम्प्युटर. इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी घट्ट बसवलेली, वहीएवढी चपटी पेटी. इंजिनाला डिझेल कधी आणि किती पाजायचं, हे तीच ठरवते. ट्रक वीस वर्षांचा, डबीही तेवढीच जुनी. गेले तीन महिने आबा घरी येऊन एकेक गोष्ट सांगत होते. आज एक म्हातारा उगवला. आज एक बकरी. आज डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई, रिकाम्या रस्त्यात, हवेतून उतरल्यासारखी. आई ऐकायची, भाकरी वाढायची. लेकीच्या अंगावर मात्र काटा यायचा.

“डबी बदलून घेऊ आबा,” ती दर वेळी म्हणायची. “सगळं ठीक होईल.”

शेवटी फ्यूजमामांना बोलावलं. गाडीचं दुखणं कसलंही असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “फ्यूज पाहिला का?” त्यामुळे त्यांचं खरं नाव आता त्यांच्या बायकोलासुद्धा आठवत नसेल. आबांचे जुने स्नेही.

मामांनी फ्यूज पाहिला. बॅटरीची अर्थिंगची तार घासून साफ केली, वायरींचे जोड काढून फुंकर मारली. मग इंजिन चालू ठेवून पेचकसाच्या मुठीने डबीवर टकटक केली. तिसऱ्या टकटकीला इंजिन गप्प झालं.

“आतले सोल्डरचे टाके सुटलेत,” मामा म्हणाले. “वीस वर्षं गरम होतेय, हादरतेय बिचारी. तुमचे-माझे गुडघे काय वेगळे आहेत? बदलूनच टाकू.”

दोन दिवसांनी ते नवी डबी आणि लॅपटॉप घेऊन आले. जुनीतली माहिती नवीत उतरवायची होती. आबा हात धुवायला गेले होते. मामा पडद्याकडे बघत बराच वेळ बसून राहिले.

“पोरी, इकडे ये. ही डबी नोंद ठेवते. तीन महिन्यांत गाडी सतरा वेळा करकचून थांबली आहे. त्यातल्या अकरा वेळा इंजिन बंद पडलं.”

“तेच तर! डबी बंद पडली की—”

“उलटं आहे गं. आधी ब्रेक, मग बंद. दर वेळी. ब्रेकचा हिसका बसला की सुटलेला टाका हलतो आणि डबी जाते.” त्यांनी आवाज खाली आणला. “डबी ब्रेक दाबत नाही पोरी. ब्रेक माणूस दाबतो.”

“रस्त्यावर लोक कसेही आडवे येतात हो मामा,” लेक घाईने म्हणाली आणि मामांचे पाने-पेचकस गोळा करायला लागली. पाने गोळा करायची तशी काही गरज नव्हती.

नवी डबी बसली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं आणि असं गुळगुळीत चालायला लागलं, की आबांनी दारावर थाप मारली. “आता नाही कुणी उगवायचं!”

तिघे चक्कर मारायला निघाले. आबा चालवत होते, लेक मध्ये, मामा डावीकडच्या खिडकीशी. आज तिच्या मांडीवर पावत्या नव्हत्या, म्हणून ती पहिल्यांदाच रस्ता बघत होती.

दूर, रस्त्याच्या डाव्या कडेने, एक बाई पाण्याचा कॅन घेऊन येत होती. कॅन जड असावा. ती एका अंगाने कलली होती. ट्रक जवळ येत गेला. बाईने रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं. आबा आता वेग कमी करतील, लेकीच्या मनात आलं. आबा समोर बघत होते. चेहरा शांत होता, ओठांवर गाण्याची शीळ होती. वेग तसाच.

“ब्रेक!” मामा ओरडले.

ट्रक थांबला, बाईला धक्का न लागता. कॅन रस्त्यावर आपटून फुटला, पाणी चाकाखालून वाहत गेलं. काटे पडले नाहीत. इंजिन छान गुरगुरत राहिलं.

“ही कुठून उगवली?” आबा कुजबुजले. “रिकामा होता रस्ता. शप्पथ सांगतो, पूर्ण रिकामा!”

ती बाई त्या कडेने मघापासून चालत होती. लेकीने तिला स्वतः पाहिलं होतं. मग तो म्हातारा, ती बकरी, तो सायकलवाला... कुणीच कुठून उगवलं नव्हतं. सगळे होतेच तिथे.

घरी आल्यावर आईने चहा केला. मामांनी आबांचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. आई स्वयंपाकघरातून आली, तो कप उचलून उजव्या हाताशी ठेवला आणि परत गेली. चालता चालता स्टूलही पायाने उजवीकडे ढकललं.

मामांनी पाहिलं. आणि मामांनी पाहिलं म्हणून लेकीनेही पाहिलं.

तिने खोलीभर नजर फिरवली. आबांच्या चपला दाराच्या उजव्या कडेला. चष्म्याचं घर, रेडिओ, तांब्या, खुंटीवरचा टॉवेल, सगळं खुर्चीच्या उजवीकडे. डावीकडची भिंत मोकळी. तिथलं कपाट कधी हललं? कुणी हलवलं? ती स्वतःसुद्धा हल्ली बाजारात आबांच्या उजव्या बाजूनेच चालत होती. कधीपासून? कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. घर आपलं आपणच, रोज बोटभर, उजवीकडे सरकत गेलं होतं.

मामा निघाले तशी ती फाटकापर्यंत गेली.

“लायसन्सचं नूतनीकरण झालं ना मागे? डॉक्टरांनी डोळे तपासले होते?”

तिने फाटकाची कडी उगाच उघडली, परत लावली.

“बोल की.”

“कंपाउंडरने शिक्का मारून दिला. आबा खाली गाडीतच बसले होते. मीच म्हटलं, त्यांना कशाला जिने चढायला लावता.”

“वा! म्हणजे डोळे गाडीत आणि तपासणी माडीवर!”

“मामा, ट्रक म्हणजे त्यांचा जीव आहे. तो काढून घेतला तर माणूस उभ्या उभ्या खचेल. मी कोणत्या तोंडानं सांगू?”

मामा फाटकाला टेकले. “माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. कडेची नजर चोरासारखी जाते. अंधार दिसत असता तर त्यालाच कळलं असतं गं. अंधार नाही दिसत. रिकामा रस्ता दिसतो. मलाही वाटायचं, दादाला कसं बोलू? आणि शेवटी जो त्याला दिसला नाही, तोही कुणाचा तरी दादा होता.” त्यांनी ट्रककडे बोट दाखवलं. “सोमवारपासून तुमच्या विटा कुठं जाणार आहेत?”

“शाळेत. नवीन खोल्यांचं काम आहे.”

“दिवसाच्या चार फेऱ्या. आणि शाळा सुटली की पोरं फाटकातून कशी सुटतात, ते तुला मी सांगू? आबांना सांगितलंस तर आबा दुखावतील. नाही सांगितलंस तर कोण दुखावेल, ते तुला माहीतही नाही. त्याचं नावही नाही तुझ्याकडे. म्हणून सोपं वाटतंय.”

सोमवारी सकाळी विटा भरून ट्रक अंगणात उभा होता. रविवारभर लेकीने चारदा तोंड उघडलं आणि चारदा भाजीत मीठ किती झालंय ते विचारलं. आताही शब्द फुटेना. ती ट्रकसमोर गेली आणि डाव्या दिव्यापुढे, कोपऱ्यावर, उभी राहिली.

आबा जागेवर चढले. आई त्यांच्या दाराशी होती.

“पोरगी कुठं गेली गं?” आबांनी विचारलं.

आईने लेकीकडे पाहिलं. तोंडावर पदर धरला.

“फाटक उघडायला गेली असेल,” आबा म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. ते समोर बघत होते. लख्ख उजेड होता, काच आईने नुकतीच पुसली होती, आणि लेकीला बापाचा चेहरा पापण्यांसकट दिसत होता. त्या चेहऱ्यात ती नव्हती. तिच्या जागी त्यांना रिकामं अंगण दिसत होतं. ती लहान असताना तिच्या नुसत्या पायरवाने जागा होणारा बाप, तिच्या आरपार बघत गिअर टाकत होता!

ट्रक हलला.

“आबा!”

ब्रेक. विटा खडखडल्या.

“कुठून उग—” आबांचा शब्द अर्ध्यात अडकला. आवाज ओळखीचा होता. त्यांनी मान वळवली, चांगली पूर्ण वळवली, तेव्हा कुठे ती त्यांना सापडली.

“मी उगवले नाही आबा,” ती रडत म्हणाली. “मघापासून इथेच उभी आहे.”

आबांनी इंजिन बंद केलं. या वेळी स्वतःच्या हाताने.

मंडळी, अशी किती घरं आपल्यात हळूच सरकून बसली आहेत! आपण कप हलवतो, कपाट हलवतो, शिक्के मिळवतो, आणि त्याला माया म्हणतो. माया करावी, जरूर करावी. पण आपल्या माणसाचं मन राखायला रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव पणाला लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? माणूस न तपासता मारलेला शिक्का मागू नये, कुणी देत असेल तर घेऊ नये. आणि जे घरात सगळ्यांना माहीत आहे, ते घरात मोठ्याने बोलावं. ऐकणारा मोडत नाही. पुष्कळदा तो आपल्या आधीपासून एकटाच त्या भीतीशी झुंजत असतो.

अंगणात आबांनी किल्ली काढली, दाराशी उभ्या असलेल्या बायकोच्या हातात ठेवली, आणि तिच्या नजरेला नजर देत म्हणाले,

“मला डावीकडचं दिसत नाही गं.”