लिफ्टमनचे तळपाय

“सहावा मजला! सहाव्यावाले पुढे या!” लिफ्टमननं खणखणीत आवाजात पुकारलं. लिफ्ट तळमजल्यावरून तसूभरही हलली नव्हती.

“काका, अजून निघालोच नाही!” कुणीतरी म्हणालं आणि आतली सगळी माणसं खो खो हसली. लिफ्टमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली, असं म्हणायचीही सोय नव्हती. तळपायांना आग तरी कुठे कळत होती!

जुन्या लिफ्टला जाळीचं दार होतं. एकतीस वर्षं तो दाराकडे पाठ करून, नुसत्या पायाखालच्या हिसक्यावरून मजले पुकारायचा. मग साखरेच्या आजारानं पाय बधिर झाले. तो मुकाट्यानं तोंड फिरवून जाळीतून सरकणाऱ्या भिंती बघायला लागला. दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. आता ही चारी बाजूंनी बंद पेटी आली आणि आठवड्याभरात तिचे मजला दाखवणारे आकडे बंद पडले. चाललीय की उभी आहे, वर की खाली, काही म्हणजे काही समजेना.

घरीही तीच कटकट. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल गेलाच.

“एका हातानं नळ धरा की!” बायको ओरडायची.

“मग तोंड काय तू धुणारेस?”

“आधी ती दुसरी चप्पल शोधा. एकच घालून आलात.”

तक्रार वर गेलीच. दुपारी इमारतीचे व्यवस्थापक स्वतः लिफ्टमध्ये शिरले. मागे टायपिस्ट बाई आणि आणखी चारपाच जण होते. साहेबांनी बटणांसमोर उभं राहून एक बटण दाबलं.

“लिफ्ट थांबली की सांगायचं, दार उघडायच्या आत. जमलं तर इथेच राहा. नाहीतर उद्यापासून तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत.”

लिफ्टमननं कान टवकारले. पंखा तेवढा घरघरत होता. पायांखाली नुसता कापूस. एवढ्यात पाठीला हळूच बोट टेकलं. टायपिस्ट बाई. बावीस वर्षं रोज त्याच्याबरोबर वर गेलेली बाई, लिफ्ट थांबल्याचं त्याला सांगत होती. तोंडातून शब्द काढला की काम झालं असतं.

सकाळच्या हसण्यानं आला नव्हता एवढा संताप त्याला त्या बोटाचा आला.

“राहू द्या हो, बाई,” तो म्हणाला. “साहेब, नाही कळत मला. दोन वर्षं झाली. पायांना काही कळतच नाही.”

दार उघडलं. तिसरा मजला होता. लिफ्टमननं तिथेच उतरायला दाराच्या कडेला हात टेकला, खाली वाकून फट पाहिली, उजवा पाय पलीकडे ठेवला. तो नीट टेकलाय का ते बघून घेतलं, मग डावा उचलला. मागे सहाव्या मजल्याची माणसं उभी होती, पण कुणी ‘चला, चला’ म्हटलं नाही. दार मिटू नये म्हणून साहेबांनी बटण दाबून धरलं होतं.