शेंदराचा फाटा

दर्यापूरच्या वाटेवरच्या आमच्या गावातला सरकारी दवाखाना बाजारातून उठून नाल्यापलीकडे नव्या इमारतीत गेला, पण खेड्यांतल्या लोकांना ते सांगायचं कुणाला सुचलं नाही. बैलगाड्या सवयीनं बाजाराकडे वळत आणि कुलपापुढे उभ्या राहत. सूर्यभानची अडलेली बायको त्या कुलपापुढेच गाडीत दगावली. मूल पोटातच राहिलं.

बाजाराची आणि नाल्याची वाट जिथं फुटते, त्या फाट्यावर सूर्यभाननं दवाखान्याची पाटी ठोकली. दवाखान्याच्या शिपायानं, नत्थुजीनं, ती उपटली. "सरकारी जागा हाय. सायबाचा हुकूम दाखव." दवाखान्याचे साहेब म्हणाले, हुकूम अमरावतीहून येईल. तो कशाला येतोय! सूर्यभाननं पुन्हा पाटी लावली, ती पुन्हा उपटली गेली. इकडे त्याची धाकटी बहीण शकुन सासरी दिवसांत होती. पहिल्या खेपेला ती मरता मरता वाचली होती, आणि तिची गाडी याच फाट्यावरून यायची होती.

शेवटी वैतागून त्यानं एक धोंडा फाट्याच्या उजव्या अंगाला रोवला आणि त्याला शेंदूर फासला. भेटेल त्या गाडीवानाला सांगितलं, "हा धोंडा दिसला का तिकडूनच वळजा. दवाखाना तिकडं हाय." नत्थुजी आला, चपला काढून पाया पडला आणि निघून गेला. शेंदराला कुणाच्या बापाचा हुकूम लागत नाही.

गाड्या बरोबर वळू लागल्या. बाया सुखरूप बाळंत होऊन परतू लागल्या, आणि श्रेय गेलं धोंड्याला! आपलीच माणसं, काय बोलावं! सूर्यभान गालातल्या गालात हसायचा.

शकुनला कळा सुटल्याचा सांगावा आला, तसा तो नर्सला घेऊन दवाखान्याच्या दारात उभा राहिला. गाडी येईना. जीव थाऱ्यावर राहीना, तेव्हा तो फाट्याकडे धावत सुटला.

गाडी धोंड्यापाशी सोडलेली होती. शकुनची सासू पार्वताबाई नारळ फोडत होती, भोवती बाया आरतीच्या तयारीत. गाडीत शकुन पांढरीफटक पडलेली, खालचं गोणपाट रक्तानं भिजलेलं. सूर्यभान पार्वताबाईपुढे आडवा झाला.

"मावशी, गाडी जुपा! हा देव नाई, म्या लावला शेंदूर!"

"असं इपरीत बोलू नोको! जागृत देव हाय. आरती झाल्याबिगर गाडी हालवाची नाई."

तो रडला, पाया पडला, शिव्या दिल्या. लोकांनी त्यालाच धरून बाजूला केलं.

मग सूर्यभान घुमू लागला. डोळे फिरवले, धोंड्यावर कपाळ आपटलं. "माह्या दारात रगत सांडता? न्या तिले दवाखान्यात! आत्ताच न्या!"

सगळ्यांनी हात जोडले. गाडीवानानं झटक्यात बैल जुंपले आणि गाडी नाल्याकडे भरधाव सुटली.

सूर्यभान तिच्यामागे धावायला उठला, तर पायांना मिठ्या पडल्या. "देवा, माह्या सुनेले लेकरू कई होईन?" एक म्हातारा पाय सोडेना. कुणी त्याला खाली बसवून आजारी पोर त्याच्या मांडीवर ठेवलं. खरं बोलावं, तर गाडी माघारी बोलावतील. नाला चढणाऱ्या गाडीतून शकुनची हाक येत होती, "दादा, ये ना रे!" आणि सूर्यभान त्या धोंड्यापुढे बसून घुमत राहिला.