तेरावा फर्मा

शकीलनं बारावा फर्मा उचलला, हात तसाच पुढे नेला आणि तो चौदाव्यावर पडला. मधली जागा रिकामी होती. त्यानं हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं.

"बघ. इथंच अडलंय सगळं."

मंडईच्या मागच्या गल्लीतल्या त्या बाइंडिंगच्या दुकानात पंधरा फर्मे ओळीनं मांडलेले असत. छापखान्यातून आलेल्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होई. शकील ओळीच्या एका टोकापासून चालत येई, प्रत्येक चळतीतला एक उचली, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत हातात एक अख्खं पुस्तक जमलेलं असे. आज हजार पुस्तकं एका फर्म्यापायी खोळंबली होती, आणि प्रकाशन रविवारी होतं.

पुस्तक त्याच्या या बहिणीचं, सिताराचंच होतं. ती कर्वेनगरच्या एका शाळेत मराठी शिकवी आणि सुट्टीत मुलांसाठी जादूच्या राज्याची कादंबरी लिही. हा तिसरा आणि शेवटचा भाग. मुलं वेडी झाली होती ती त्यातल्या टिटवीपायी. टिटवी नुसत्या हाताच्या इशाऱ्यानं वादळ थोपवी, पण घराची कडी सात वेळा चाचपल्याखेरीज तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. प्रकाशक आप्पासाहेब पहिल्याच भागाच्या वेळी म्हणाले होते, "बाई, वादळं थोपवणाऱ्या मुली पैशाला पासरी मिळतात. ही कडीवाली तेवढी लक्षात राहील." राहिलीच. 'मीपण असंच करते, कुणाला सांगू नका' अशी पत्रं शाळेच्या पत्त्यावर येत.

कडी चाचपणारी खरी मुलगी शकीलची होती. निलोफर, वय वर्षं चौदा. तिला याचं वाईट वाटलं नव्हतं, उलट ती मिरवत असे. दुसऱ्या भागात टिटवीची आई आजारी पडली, कारण त्या वर्षी निलोफरची आई, हुस्नबानू, अंथरुणाला खिळली होती. माणसं अशी जवळची, हाताला लागलेली असली की लिहिणाऱ्याला मोह आवरत नाही. सितारालाही आवरला नाही.

"फुप्पी, तिसऱ्या भागात तिची आई बरी होते ना?" निलोफरनं दिवाळीत आत्याला विचारलं होतं.

"वाचशील तेव्हा कळेल," सितारा म्हणाली होती. लेखिकेनं द्यावं तसं ऐटीत उत्तर दिलं होतं. तेव्हा तेराव्या फर्म्यात आलेलं प्रकरण लिहून झालं होतं, आणि त्यात आई गेलेली होती.

म्हणूनच फर्मा गायब आहे म्हटल्यावर सिताराला आधी निलोफरच आठवली. पोरीनंच वाचून कुठंतरी दडवला असणार. आप्पासाहेबांचा सकाळीच फोन येऊन गेला होता. "बारानंतर एकदम चौदा ही गणिताची नवी पद्धत असेल, तर मुलांना आवडेल. पण मला आधी सांगायचं होतंत."

निलोफर जिन्याच्या पायरीवर दप्तर टेकवून बसली होती. घर दुकानाच्या वरच होतं.

"निलू, खरं सांग. तेरावा फर्मा तू घेतलास?"

"मी? नाही गं. तो अम्मीकडं आहे. अब्बा नसताना घड्या घालायला तिनंच माझ्याकडून मागवून घेतला, पडून पडून कंटाळा येतो म्हणून. आणि मला हात लावू देत नाही."

"का?"

"काय माहीत. दोन दिवस बोलतही नाहीये कुणाशी."

सितारा वर गेली. खाटेवर हुस्नबानू उशीला टेकून बसली होती. मांडीवर घडी दाबायची लाकडी पट्टी होती, आणि खाटेआड भिंतीला लावून तेराव्या फर्म्याचे गठ्ठे, एकही कोपरा पुढे-मागे नाही असे. अंगात त्राण नव्हतं, पण घडी पूर्वीसारखीच सुबक होती.

"बसा आपा. सगळे झालेत. परवाच झाले."

"मग खाली का नाही दिलेस? शकील थांबलाय."

हुस्नबानूनं वरचा एक फर्मा घेतला. पानं अजून कापलेली नव्हती. दुमडलेल्या कागदात बोट सारून, पोटातली ओळ डोळ्यांपाशी धरून तिनं ती वाचली असणार, असं सिताराला त्या बोटाकडे बघूनच कळलं.

"छान लिहिता तुम्ही," ती म्हणाली. "वैद्य तिच्या बापाला अंगणात नेऊन सांगतो. बाप आत येतो. म्हणतो, दोन महिन्यांत उभी राहशील. आणि मग भिंतीकडे तोंड करून जेवतो."

सितारा तिची उशी सारखी करू लागली.

"शकील भिंतीकडे तोंड करून कधी जेवत नाही, आपा. लग्नाला सतरा वर्षं झाली. एकदाच जेवला. डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी. मला वाटलं, दमला असेल." ती थांबली. "खोलीत आम्ही दोघंच होतो. तुम्हाला त्यानंच सांगितलं असेल."

सांगितलं होतं. सिताराच्या कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात, ओट्याला धरून रडत सांगितलं होतं, आणि वर बजावलं होतं, हुस्नाला यातलं अवाक्षर कळता कामा नये. सगळ्या नातेवाइकांनी गेले सहा महिने तोंडाला कुलूप घातलं होतं. रिपोर्ट शेजारच्या मैनुद्दीनचाचांच्या कपाटात ठेवले होते. आणि सितारानं ते सारं हजार प्रतींत छापून, घड्या घालायला तिच्याच मांडीवर पाठवलं होतं. ओट्याशी ऐकलेलं लिहिताना आपण रडलो होतो, आणि रडता रडता आपल्याला ते आवडलंही होतं, हे आठवून तिला स्वतःची किळस आली.

"गोष्ट आहे गं ती," ती कशीबशी म्हणाली.

"हो. टिटवीसुद्धा गोष्टच आहे." हुस्नबानूच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "यात तुम्ही तीन अमावास्या म्हटलंय. खरं किती?"

सितारा खाटेच्या कडेला बसली. तिनं हुस्नबानूचा हात हातात घेतला. तो हलका होता, आणि कागदामुळे खरखरीत झाला होता. खालून शकीलची हाक आली.

"आपा! मिळाला का?"

"घेऊन जा," हुस्नबानू म्हणाली. "घड्या राहिल्या होत्या म्हणून सांगा. मी वाचलंय हे त्याला कळू देऊ नका. सहा महिने जिवाचं रान करून लपवतोय बिचारा. त्याची मेहनत वाया जायला नको."

"आणि निलू?"

हुस्नबानूनं लाकडी पट्टी पुसून बाजूला ठेवली.

"तिच्यापासून दडवायला म्हणूनच अडवून धरले होते. पण दोन दिवस विचार केला. तिला कुणीतरी सांगायलाच हवं, आणि ते ना त्याच्यानं होणार, ना माझ्यानं. टिटवीचं ती ऐकते."

सितारानं दोन खेपांत गठ्ठे खाली आणले. शकीलनं ते घेऊन रिकाम्या जागी रचले, एक फर्मा उलटून घडी पाहिली आणि मान डोलावली. बांधायची पुस्तकं तो कधी वाचत नसे. वाचत बसलो तर बांधणार कधी, म्हणायचा.

"हुस्ना कशी आहे? दोन दिवस गप्प होती." त्यानं आवाज खाली आणला. "तिला काही कळलं तर नाही ना?"

"नाही," सितारा म्हणाली.

"बरं झालं," म्हणत तो ओळीच्या टोकाला गेला आणि एकेक फर्मा उचलत चालू लागला. टोकाला पोचल्यावर पहिलं पुस्तक जमलं, सुटं, शिवण न घातलेलं. ते त्यानं बाजूला ठेवलं तशी निलोफर पायरीवरून उठून आली.

"फुप्पी, आता वाचू?"

सितारानं भावाकडे पाहिलं. तो पाठमोरा, पुन्हा पहिल्या फर्म्याशी वाकला होता.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली. "कागदाला डाग पडतात."