उशिराचा ठोका

पडद्यावर हृदयाच्या झडपेचं कडं प्रत्येक ठोक्याला जेमतेम सहा मिलिमीटर खाली येत होतं. निरोगी हृदयात ते याच्या दुप्पट येतं. मध्येच एखादा ठोका उशिरा पडे आणि फक्त तोच जोरकस असे. हृदयाची सोनोग्राफी करणारी गुनवोर गेली दोन वर्षं नेमका तोच ठोका मोजत आली होती, कारण कुशीवर झोपलेले ओड्वार तिचे वडील होते. फ्योर्डच्या खाडीकाठच्या त्या छोट्या इस्पितळात ते दुसऱ्या कुणाकडून तपासून घेत नसत. तिच्या आकड्यांवर विसंबून डॉक्टरांनी त्यांना त्रोन्हाइमच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं नव्हतं. आता त्यांचे पाय सुजले होते.

“काय गं, चालेल ना इंजिन? ईस्टरला डोंगरातल्या केबिनवर जायचंय.”

“बोलू नका बाबा, चित्र हलतं.”

“तुझी आईसुद्धा मला असंच गप्प बसवायची.”

गुनवोरला हसू आलं नाही. तिचं बोट सवयीने पुन्हा उशिराच्या ठोक्यावर गेलं होतं. तिने ते मागे घेतलं आणि त्यांच्या छातीवरची जेल पुसली.

“बाबा, तुमचं हृदय बरं दिसावं म्हणून मी फक्त चांगला ठोका निवडत आले. यापुढे मी तुम्हाला तपासणार नाही. आज माझ्यासोबत काम करणारी सीग्रिड तपासेल.”