आवाजासकट पाठवलेला सामना

माझा भाऊ डेलमार ह्रुस्का एकतीस वर्षे अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक आहे. या काळात तो ज्या पायऱ्या चढला त्यांतल्या बहुतेक खाली उतरणाऱ्या निघाल्या, आणि प्रत्येक पायरीवर त्याने नवी टोपी शिवून घेतली. बाविसाव्या वर्षी आमच्याच गावच्या शाळेत तो दुय्यम प्रशिक्षक झाला. शाळा मंडळाच्या अध्यक्षाचा मुलगा धावताना डोळे मिटतो, हे त्याने सभेत सांगितले आणि तिथून निघाला. पुढे बर्फावरच्या हॉकीच्या बंदिस्त मैदानात रबरी गवत अंथरून खेळणाऱ्या एका संघाकडे गेला. तो संघ मालकाने मध्यंतरात विसर्जित केला आणि खेळाडूंना ती वार्ता गुणफलकावर वाचावी लागली. मग वेस्ट व्हर्जिनियात एका गादीविक्रेत्याचा संघ. तिथे मुलांच्या पाठीवर आकड्याऐवजी गादीचे चित्र असे. त्यानंतर दोन वर्षे बायकांचा एक संघ त्याने अपराजित ठेवला, आणि त्यांना स्त्री प्रशिक्षक हवी होती म्हणून, योग्य कारणासाठी, त्याला काढण्यात आले. शेवटी ओहायो नदीच्या काठी, आमच्या ब्रॅडक्लिफमध्ये, तो हॅमर्स या अर्धव्यावसायिक संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याला आता अकरा वर्षे झाली. पोट शाळेची बस चालवून भरते.

हॅमर्सचे खेळाडू आठवडाभर छपरे घालतात, तुरुंगावर पहारा देतात, कोंबड्यांच्या कारखान्यात उभे राहून दिवसभर तुकडे करतात. शनिवारी दुपारी ते शाळेच्या मैदानावर येतात. म्हणजे येणार असतात. यादीत चव्वेचाळीस नावे आहेत. सतरा आले तर डेलमार त्या दिवसाला पुण्यदिवस म्हणतो.

मी लोरीन, त्याची धाकटी बहीण. शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि शनिवारी मैदानाकडेच्या, बॅंडमास्तर जिथून वादकांची कवायत घेतो त्या लोखंडी मनोऱ्यावर चढून सामन्याचे चित्रण करते. या धंद्यात एक रीत आहे: सोमवारपर्यंत दोन्ही संघांनी आपापले चित्रण एकमेकांना द्यायचे, आणि ते मुके असायचे. प्रशिक्षक सामना आवाजाविना पाहतात. त्यांना माणसांची पावले वाचायची असतात, माणसे ऐकायची नसतात. म्हणून मी दर रविवारी आवाज पुसून टाकत असे. पुसण्याजोगे पुष्कळ असे. चाळीस फूट उंचीवर तीन तास एकटी उभी राहिलेली बाई बोलू लागते. कबुतरे ऐकत नाहीत आणि यंत्र नाही म्हणत नाही. अकरा वर्षे मी माझ्या भावाच्या प्रत्येक निर्णयावर, त्याच्या टोपीवर, आमच्या वंशावर आणि परमेश्वराच्या बेफिकिरीवर तिथून भाष्य केले, आणि प्रत्येक रविवारी ते स्वच्छ धुऊन काढले.

जूनमध्ये मॉरो व्हॅली कॉलेजात एक जागा निघाली. तिथला आघाडीच्या फळीचा प्रशिक्षक हंगामाच्या तोंडावर दुसरीकडे गेला होता. खरे कॉलेज, खरे वसतिगृह, रंगवलेल्या रेघांचे खरे मैदान. डेलमारने अर्ज केला. त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा अशी जागा निघेपर्यंत त्याचे गुडघे थांबणार नव्हते, हे त्यालाही ठाऊक होते. रविवारच्या जेवणाला त्याने मला अर्ज दाखवला. शिफारस करणाऱ्यांत गादीविक्रेत्याचे नाव होते. तो दोन वर्षांपूर्वी वारला, याची मी आठवण दिली. डेलमार म्हणाला, मेलेला माणूस वाईट बोलत नाही. मी म्हणाले, तुझ्याबद्दल चांगले बोलणारा शोधायला स्मशानापर्यंत जावे लागले, हे लक्षात घे. त्यानंतर आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजने एक संपूर्ण सामना मागवला. कापाकापी नको, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. एरवी हे काम माझे. पण डेलमार रागात होता. त्याने मनोऱ्याखालच्या कपाटातून कॅमेऱ्याचे, अजून आवाज न पुसलेले कार्ड काढले, बस आगाराच्या संगणकावरून लिंटन काउंटीविरुद्धचा सामना स्वतः पाठवला आणि अभिमानाने बस घेऊन गेला. चित्रणाला आवाजही असतो, हे त्याला माहीतच नव्हते. त्याने जन्मात कधी ऐकला नव्हता.

चार दिवसांनी कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक वेंडेल स्ट्राउड यांचा त्याला फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: त्या मनोऱ्यावरच्या बाई कोण? डेलमारने कोणत्या बाई, असे विचारले. स्ट्राउड म्हणाले, सामना पुन्हा लावा, कोच, या वेळी आवाज मोठा करून. आणि मंगळवारी भेटायला याल तेव्हा त्यांनाही घेऊन या.

त्या दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. त्याने पूर्ण सामना ऐकला होता. टोपी हातात होती, आणि टोपीविना माझा भाऊ आमच्या वडिलांसारखा दिसतो, म्हणजे नुकताच कशाचा तरी पराभव स्वीकारलेला.

"अकरा वर्षं मला वाटत होतं," तो म्हणाला, "की तू वर नुसती उभी असतेस."

मी क्षमा मागितली. मी काय काय बोलले होते ते मला आठवत होते, हेच वाईट होते. माझ्या भावाची व्यूहरचना म्हणजे आईचे कोबीचे सूप, घरात उरेल ते टाकायचे. डेलला वाटते देव ह्रुस्का घराण्याच्या बाजूने आहे. देवाने आमचे बाबा पाहिलेले नाहीत. मी सुचवले की कॉलेजला कळवावे, बहीण वेडी आहे. तो म्हणाला, ते त्यांनी ऐकलेच आहे.

मंगळवारी दोन तास नदीकाठाने गाडी हाकत आम्ही गेलो. मी अंत्यविधींना घालते ते बूट घातले होते. गाडी मी चालवत होते, डेलमार वाटेत एका पुठ्ठ्यावर चालींच्या आकृत्या गिरवत होता. या धंद्यात मुलाखत म्हणजे फळा असतो. हातात खडू वा लेखणी देतात आणि म्हणतात, काढा. जो न अडखळता काढतो तो टिकतो.

पण स्ट्राउडनी लेखणी दिलीच नाही. लांब टेबलाभोवती एकाच रंगाचे सदरे घातलेले चार प्रशिक्षक तंबाखू चघळत, रिकाम्या बाटल्यांत थुंकत बसले होते. स्ट्राउड जेमतेम चाळिशीचे, आवाज इतका मवाळ की माणूस घाबरावा. त्यांनी पडद्यावर सामना लावला, आणि माझा आवाज त्या खोलीत शिरला. स्वतःचे बोलणे परक्या भिंतीवरून परत येते तेव्हा ते दुसऱ्याच कोणा कडवट बाईचे वाटते, आणि आपण तिची बाजू घेऊ शकत नाही.

सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात त्यांनी चित्र थांबवले. "चौथा आणि शेवटचा प्रयत्न, सात यार्ड बाकी, तुमच्याच गोलाजवळ. अशा वेळी सारं जग चेंडू लाथेनं लांब धाडतं. तुम्ही पळवलात. बाई काय म्हणाल्या ते ऐकलंत. का पळवलात?"

डेलमार म्हणाला, "लाथ मारणारा गेला होता, कोच."

"कुठं?"

"कामावर. कोंबड्यांच्या कारखान्यात दुसरी पाळी साडेचारला लागते."

"दुसरा कोणी?"

"दुसऱ्याच्या मुलीचा नाच होता."

एकाने बाटलीत थुंकायचे राहू दिले. स्ट्राउडनी चित्र पुढे सरकवले. मग एकेक करून त्यांनी माझे सगळे टोमणे त्याच्यासमोर मांडले, आणि माझा भाऊ एकेक उत्तर देत गेला. एकच चाल लागोपाठ पाच वेळा का खेळलात? कारण चेंडू फेकणारा त्या सकाळीच संघात आला होता आणि त्याला तेवढीच चाल येत होती. डाव्या बाजूला हा एकेचाळीस वर्षांचा, धापा टाकणारा माणूस का? कारण हेल्मेट त्याच्या ट्रकमधून येतात, आणि तो खेळला नाही तर येत नाहीत. उजवीकडचा मुलगा मध्यंतरानंतर एकदाही मैदानाच्या त्या कोपऱ्यात का गेला नाही? कारण त्या कोपऱ्यात त्याची पहिली बायको बसली होती, आणि न्यायालयाने अंतर ठरवून दिले होते.

ते चौघे हसत होते, आधी दडवून, मग टेबलावर हात आपटून. मी हसले नाही. मनोऱ्यावरून मैदानाचा प्रत्येक यार्ड दिसतो. कोण किती वाजता कामावर जायला निघाला ते दिसत नाही. अकरा वर्षे मी ज्याला मूर्खपणा म्हणत होते तो हजेरीचा हिशेब होता, आणि त्याने तो मला कधी सांगितला नव्हता, कारण मी कधी विचारला नव्हता.

स्ट्राउड मात्र हसून झाल्यावर गंभीर झाले. "इथं पंच्याऐंशी मुलं आहेत. सकाळी सहाला सगळी मैदानावर असतात. कोणाची पाळी नाही, कोणाची पहिली बायको नाही. त्यांचं काय कराल?"

डेलमारने छताकडे पाहिले. "माहीत नाही, कोच. तसं कधी घडलेलं नाही."

मग लेखणी आली. आघाडीची फळी आणि तिच्यामागचे, सगळे अकरा काढा, एक साधी चाल, तुमच्या आवडीची. माझा भाऊ फळ्याकडे गेला आणि त्याचा हात एकदाही अडखळला नाही. रेघा अशा उमटत होत्या की जणू त्या आधीपासूनच तिथे होत्या आणि तो त्यांच्यावरची धूळ झटकत होता. प्रत्येक माणसाचे पहिले पाऊल, खांद्याचा कोन, समोरच्याने फसवले तर काय. पुऱ्या पंचवीस मिनिटांत त्या खोलीत कोणी बाटली उचलली नाही. मला वाटले, मिळाले. तो खरोखरच मोठा होता, आणि मी ते इतक्या उंचावरून पाहिले होते की दिसले नव्हते.

तेव्हा टोकाला बसलेल्या तरुण प्रशिक्षकाने बोटाने मोजायला सुरुवात केली. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले. "दहाच आहेत," तो म्हणाला.

फळ्यावर डाव्या टोकाला एक जागा मोकळी होती. डेलमारने तिच्याकडे पाहिले. चुकलेल्या माणसासारखे नव्हे, तर घरातल्या खुर्चीकडे पाहावे तसे.

"ती मी शेवटी भरतो," तो म्हणाला. "सामना सुरू होईपर्यंत कळत नाही ना कोण येतंय ते."

"इथं कळतं," तरुण म्हणाला. त्याचा सूर वाईट नव्हता, हे जास्त वाईट होते.

डेलमारचा चेहरा हळूहळू लाल झाला. त्याने लेखणी उचलली, मोकळ्या जागेत एक वर्तुळ काढले. ते इतरांपेक्षा लहान आले. मग तो खाली बसला. मी माझ्या अंत्यविधीच्या बुटांकडे पाहिले आणि ते योग्य घातल्याची खात्री केली.

 स्ट्राउड पुढच्या खुर्चीवर येऊन बसले तेव्हा ते डेलमारशी बोलत होते की स्वतःशी, हे मला सांगता येणार नाही. गेल्या ऑक्टोबरात, ते म्हणाले, त्यांच्या आघाडीच्या फळीतली तीन मुले एकाच आठवड्यात तापाने पडली. फळीचा आधीचा प्रशिक्षक देशातल्या उत्तम विद्यापीठांत शिकलेला होता. तो कचेरीचे दार लावून बसला, कारण त्याच्या वहीत त्या तिघांवाचूनची फळीच नव्हती. सामना गेला, हंगाम गेला, आणि या उन्हाळ्यात तोही गेला.

"ऑक्टोबरात मला तुमच्यासारखा माणूस लागतो," ते म्हणाले. "ऑगस्टात, सरावाला सगळे हजर असताना, तुमचं काय करायचं ते मला कळत नाही. ऑगस्टात तुम्ही गप्प राहाल का?"

"राहीन," डेलमार म्हणाला.

"मग एक तारखेला या."

 बाहेर गाडीजवळ तो म्हणाला की मीही त्याच्याबरोबर जावे, कॉलेजला मनोरा आहे. मी नाही म्हणाले. ज्याच्याविषयी बोलायचे त्याला आता ऐकू येते. तिथे माझे भाष्य सभ्य झाले असते, आणि सभ्य भाष्य करायला चाळीस फूट चढायची गरज नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, ग्रंथालयात त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला. मी विचारले, काढले का. नाही म्हणाला. मग काय झाले?

"सगळे आले, लोरीन," तो म्हणाला. "पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी. पाच मिनिटं आधी. आज अकरावा दिवस, रोज तेच. मी मैदानावर उभा असतो आणि मला काहीच सुचत नाही."

मी म्हणाले, लोक यासाठी देवाला नवस बोलतात.

"आज मी एकाला घरी पाठवलं."

"त्यानं काय केलं होतं?"

"काही नाही. फार चांगला पोरगा आहे." मागे शिट्टी वाजत होती आणि शिस्तीत पळणाऱ्या पुष्कळ पावलांचा आवाज येत होता. "मला विचार करता यावा म्हणून."